भोगीच्या पानातील तीळमीठ

पौषातील थंडी ऐन भरात आली, की चंद्रभागेच्या वाळवंटावर पहाटे धुके उतरते आणि पंढरीच्या गल्लीबोळांतून तीळ भाजल्याचा खमंग वास दरवळू लागतो. संक्रांत जवळ आल्याची वर्दी पंचांगाच्या आधी हा वासच देतो. या दिवसांत तिळगुळाविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि पुष्कळ बोलले जाते. आम्हीही गेली चाळीस वर्षे संक्रांतीच्या कीर्तनात तिळगुळाचेच निरूपण करीत आलो आहोत. आज मात्र वाचकांची अनुज्ञा घेऊन तिळाच्या दुसऱ्या सोबत्याविषयी लिहावे असे मनात आहे. तो सोबती म्हणजे मीठ.

भाजलेले तीळ आणि मीठ एकत्र कुटून जो कोरडा पदार्थ सिद्ध होतो, त्यास कोणी तिळकूट म्हणतात, कोणी तिळाची चटणी म्हणतात. ज्या माउलीच्या हातचे खाऊन आम्ही वाढलो, ती त्यास ‘तीळमीठ’ म्हणे. म्हणून येथे आम्ही तोच शब्द योजतो. पदार्थ दिसावयास अगदी क्षुल्लक. पानात त्याची जागा डाव्या बाजूस, तीही चिमूटभर. परंतु तो करण्यात व राखण्यात हयगय झाली तर काय घडते, हे आम्ही आमच्याच हातून झालेल्या एका अपराधातून शिकलो. तो अपराधही या लेखात सांगावयाचा आहे.

स्नेह आणि लावण्य

‘तैल’ हा संस्कृत शब्द ‘तिल’ या शब्दापासून सिद्ध झाला. तिळाचे जे निघते ते तैल. पुढे मोहरीचे, जवसाचे, करडईचे जे जे निघाले त्या सर्वांस लोक तेलच म्हणू लागले. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील तेल कोणतेही असो, त्या शब्दाच्या पोटात तीळ बसलेला आहे. तेलातुपास शास्त्रकार ‘स्नेह’ म्हणतात आणि जिव्हाळ्यासही ‘स्नेह’च म्हणतात. संक्रांतीस दुसऱ्याच्या हातावर तीळ ठेवावयाचे, ते एवढ्याचसाठी.

मिठाचेही तसेच आहे. मीठ म्हणजे लवण, आणि लवणापासून झाले ‘लावण्य’. नाकडोळे रेखीव असूनही एखादे रूप अळणी वाटते, एखादे साधे रूप मनात भरते. तो जो भेद, त्यास आपल्या पूर्वजांनी मिठाचे नाव दिले.

मराठी भाषेनेही या दोघांना घरच्या माणसांप्रमाणे वागविले आहे. ज्याच्या पोटात गुपित राहत नाही त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ज्याचा राग अनावर होतो त्याचा तिळपापड होतो. आणि ज्या घरात एकोपा आहे तेथे एक तीळ सात जणांत वाटून खातात. मिठाविषयी तर एकच वचन पुरे आहे: खाल्ल्या मिठाला जागावे. गुळाने गोड बोलावयास शिकविले, मिठाने इमान राखावयास शिकविले. दोन्ही धड्यांस तीळ साक्षी आहे.

धर्मकृत्यांत तिळाचा मान मोठा. पौष वद्य एकादशीस ‘षट्तिला’ म्हणतात. त्या दिवशी तिळाचा उपयोग सहा प्रकारांनी सांगितला आहे: स्नानाच्या पाण्यात, उटण्यात, होमात, तर्पणात, भोजनात आणि दानात. पितृकार्यात काळे तीळ लागतात, हे सर्वांस ठाऊक आहेच. आयुर्वेद तिळास उष्ण, स्निग्ध, बल देणारा, केसांस हितकर आणि पचावयास जड म्हणतो, व त्याच्या जातींत काळ्या तिळास श्रेष्ठ मानतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्व लवणांमध्ये सैंधव हितकर म्हणून सांगितले आहे. थंडीने अंग उलते, भूक प्रखर होते, जड अन्नही पचते. अशा ऋतूत तीळ पानात यावा ही योजना सहज झालेली नाही.

संक्रमणाचा दिवसही स्थिर नाही, हे येथे ओघाने सांगतो. इ. स. १८६३ साली स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, आणि तारीख होती १२ जानेवारी. आज तीच संक्रांत १४ अथवा १५ जानेवारीस येते. तारीख सरकली, परंतु सणाचे पान बदलले नाही.

भोगीचे पान

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशीचे पान म्हणजे शेतातील नव्या मालाची हजेरीच. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, आणि वांगी, गाजर, वालपापडी, ओला हरभरा, बोरे असे जे जे मिळेल ते घालून केलेली लेकुरवाळी भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. या पानात डाव्या बाजूस तीळमीठ असले, की भोगी पुरी झाली.

आमची एक भोगी मात्र अशी भरल्या पानाची नव्हती, आणि तीच आमच्या स्मरणात सर्वांत अधिक राहिली आहे.

इ. स. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांस त्याविषयी अधिक सांगावयास नको. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. संस्कृत पाठशाळेत शिकत होतो आणि वार लावून जेवत होतो. आठवड्याचे सात दिवस, सात घरे. आमचा शनिवार एका विधवा बाईंच्या घरी असे. आम्ही मुले त्यांना काकू म्हणत असू. घरात त्या आणि त्यांची लेक. उत्पन्न म्हणजे लोकांच्या घरचे पापड-कुरडया करून देणे. त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात शेते करपली होती, माणसे खडी फोडावयास जात होती, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती, आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला लोक मिलो म्हणत. तिची भाकरी थापावयास कठीण आणि गिळावयास त्याहून कठीण.

इ. स. १९७३ ची भोगी शनिवारी आली, १३ जानेवारीस. आम्ही काकूंच्या घरी गेलो. मनात बाजरीची भाकरी आणि लोणी होते. पानात मिलोची भाकरी आली. भाजी नव्हती. मात्र पानाच्या डाव्या बाजूस काकूंनी तीळमिठाची चांगली मूठभर रास घातली होती. खानदेशातील कोणा नातलगाने त्यांना थोडे तीळ धाडले होते. आमचा चेहरा उतरलेला पाहून काकू म्हणाल्या, “अरे, भोगी भाजीने होत नाही, तिळाने होते. जेव पोटभर.” आणि आम्ही खरोखर पोटभर जेवलो. ती खरबरीत भाकरी त्या तीळमिठाने घशाखाली उतरली, इतकेच नव्हे, तर ती गोड लागली.

काकू त्या हिवाळ्यात स्वतः काय खात होत्या, हे आम्हांस कित्येक वर्षांनी त्यांच्या लेकीकडून कळले. आठवड्यातून सात मुलांपैकी कोणी ना कोणी त्यांच्याकडे जेवून जाई. ते तीळ मुलांपुरतेच असत. काकू आपली भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवून खात. एक तीळ सात जणांत वाटून खाण्याची म्हण आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितली असेल. परंतु वाटणारीच्या वाट्यास काही उरत नाही, हे तिचे दुसरे अंग त्या दिवशी आम्हांस समजले.

करण्याची रीत

तीळमीठ कसे करावे, हे आम्ही काकूंच्या ओट्याशी उभे राहून पाहिले होते. आमच्या सौभाग्यवतींनी त्यात आपल्या अनुभवाची भर घातली. माताभगिनींस यातील पुष्कळ ठाऊक असेल. तरीही नव्या संसारातील मुलींसाठी क्रमाने सांगतो.

पाव किलो तिळास वीस ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाने तिळाचा साधारण बारावा भाग, हे प्रमाण मध्यम आहे. मीठ कमी खाणाऱ्यांनी दहा-बारा ग्रॅमच घालावे. तीळ पॉलिश केलेले नकोत, सालीसकट गावरान असावेत. पांढरे, काळे, कोणतेही चालतील.

तीळ आधी पाखडून निवडावेत. तिळात बारीक खडा लपतो तो डोळ्यांस दिसत नाही. म्हणून ते पाण्यात रोळून घ्यावेत. रोळताना वाळू तळाशी बसते आणि वरचे तीळ अलगद गाळणीत काढता येतात. पाणी निथळले की स्वच्छ पंचावर सावलीत पसरावेत. ते पुरते, अगदी खडखडीत वाळले पाहिजेत. ओलसर तीळ कढईत घातले तर ते आधी शिजतात, मग भाजतात. वरून रंग येतो आणि आत कच्चेपणा राहतो.

मीठ खडे असेल तर उत्तम. ते कोरड्या कढईत मंदाग्नीवर परतावे. आधी तडतड ऐकू येईल. ती थांबून मीठ मोकळे, भुरभुरीत झाले म्हणजे त्यातील ओल गेली. मग ते बारीक वाटून ठेवावे. सैंधव वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की सैंधवात आयोडीन वरून घातलेले नसते. तेव्हा रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असू द्यावे आणि सैंधव तीळमिठापुरते ठेवावे.

आता भाजणे. जाड बुडाची कढई घ्यावी आणि तीळ एकदम सगळे न ओतता दोन-तीन मुठी घालून भाजावेत. आच मंद असावी आणि हात थांबू नये. थोड्याच वेळात तीळ तडतडू लागतात, उड्या मारतात, किंचित फुगतात. पांढऱ्या तिळावर बदामी झाक येते. एक तीळ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चुरडून पाहावा. सहज चुरडला आणि सुवास आला म्हणजे झाले. काळ्या तिळाचा रंग कळत नाही. म्हणून काकू त्यांत पांढऱ्या तिळाची एक चिमूट मिसळीत आणि त्यांच्या रंगावरून काळ्यांची परीक्षा करीत. भाजले गेले, की तत्क्षणी परातीत काढावेत. चूल विझवली तरी कढई तापलेलीच असते, आणि तेवढ्यात तीळ करपून कडू होतात. करपलेल्या तिळास कोणतेही औषध नाही.

तीळ पुरते निवल्यावाचून कुटू नयेत. गरम तीळ कुटले तर वाफेची ओल धरतात आणि तेलही लवकर सोडतात. खलबत्त्यात प्रथम मीठ, मग तीळ घालून हलक्या हाताने कुटावे. आज घरोघरी मिक्सर आहे, त्यास आमचा विरोध नाही. परंतु तो एकसारखा फिरवू नये. क्षणभर फिरवावा, थांबावे, पुन्हा क्षणभर फिरवावा. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते. मिक्सर फिरतच राहिला की ते सुटते आणि भुरभुरीत चूर्णाऐवजी चिकट गोळा हाती येतो. दोन हिस्से कुटलेले आणि एक हिस्सा अख्खे दाणे, असे जाडसर तीळमीठ उत्तम. अगदी अख्खे तीळ नीट न चावता पोटात गेले तर तसेच बाहेर पडतात; म्हणून कुटणे हे केवळ चवीसाठी नाही.

आवड असेल त्यांनी भाजलेले जिरे अथवा वाळल्या मिरचीचे चूर्ण यात घालावे. कांदा-लसूण वर्ज्य मानणाऱ्या घरांत तेवढे पुरे होते. सुके खोबरे घालावयाचे असेल तर ते खातेवेळीच घालावे, बरणीत नको. खोबरे तिळाच्याही आधी बिघडते.

आमचा अपराध

आता ती गोष्ट सांगतो. वीस वर्षांपूर्वीची असेल. काकू वृद्धपणी लेकीच्या घरी परगावी राहावयास गेल्या होत्या. दृष्टी अधू झाली होती, दात गेले होते. संक्रांतीच्या आधी त्यांचा निरोप आला, “बुवांना म्हणावं, या संक्रांतीला तुझ्या घरचं तीळमीठ मला धाड. मऊ भातावर घालून खाईन.” आयुष्यात त्यांनी आमच्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू.

आम्ही तेव्हा कीर्तनाच्या दौऱ्यावर निघण्याच्या घाईत होतो. आमच्या सौभाग्यवती माहेरी गेल्या होत्या. खिडकीच्या फळीवर दसऱ्यास केलेल्या तीळमिठाची काचेची बरणी होती. त्यातील दोन वाट्या आम्ही पुडीत बांधल्या आणि त्या गावास जाणाऱ्या माणसाच्या हाती दिल्या. उघडून वास घेतला नाही, चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिले नाही. त्या रात्री कीर्तनात आम्ही अन्नदानाचे माहात्म्य सांगितले. श्रोते डोलले.

माघात आम्ही काकूंच्या भेटीस गेलो. जेवावयास बसलो तेव्हा त्यांच्या लेकीने आमच्याही पानात तेच तीळमीठ वाढले. पहिल्या घासासच ते घशाशी लागले. तीन महिने उन्हाच्या खिडकीत राहून ते पुरते खवट झाले होते. आम्ही काकूंकडे पाहिले. त्यांच्या भातावर ते घातलेले होते आणि त्या सावकाश जेवत होत्या. आम्ही म्हणालो, “काकू, हे खाऊ नका. हे बिघडले आहे.” त्या म्हणाल्या, “अरे, मला कळलं पहिल्याच दिवशी. पण तू धाडलंस, ते टाकू कसं?”

मिलोची भाकरी खाऊन वाढलेल्या मुलास ज्या माउलीने आपल्या वाटणीचे तीळ दिले, तिला त्याने चांगले दिवस आल्यावर खवट तीळ धाडले. खाल्ल्या मिठाला जागण्याचे निरूपण आम्ही गावोगाव करीत होतो, आणि ज्या एका घरचे मीठ आम्ही खरोखर खाल्ले होते त्या घरापाशी आम्ही झोपी गेलो होतो. परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही स्वतः तीळ निवडले, भाजले, कुटले आणि ताजे तीळमीठ घेऊन गेलो. काकूंनी ते खाल्ले, डोक्यावरून हात फिरविला. पुढची संक्रांत मात्र त्यांनी पाहिली नाही.

साठवण्याची रीत

तेव्हापासून आम्ही साठवण्याकडे लक्ष देऊ लागलो. तीळ खवट होतो तो त्याच्या तेलामुळे. दाणा अख्खा असेपर्यंत त्या तेलास सालीचे कवच असते. शिवाय तिळात तेल टिकविणारी काही नैसर्गिक द्रव्येही आहेत. म्हणून अख्खे कच्चे तीळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात कित्येक महिने टिकतात. कुटल्यावर मात्र कवच फुटते, चुऱ्याच्या कणाकणास हवा लागते, आणि ऊन, उष्णता व ओल या तिन्ही गोष्टी बिघाडास हातभार लावतात. यातून रीत आपोआप निघते.

पहिली गोष्ट, कच्चे तीळ साठवावेत, तीळमीठ साठवू नये. एका वेळी आठ-पंधरा दिवसांपुरतेच कुटावे. त्याहून सोयीचे म्हणजे भाजलेले अख्खे तीळ एका बरणीत व कोरडे केलेले मीठ दुसऱ्या बरणीत ठेवून दर आठवड्यास लागेल तेवढे कुटून घ्यावे.

दुसरी गोष्ट, भांडे. चिनी मातीची अथवा काचेची बरणी घ्यावी. ती धुऊन, उन्हात वाळवून, निववून मगच भरावी. तांब्या-पितळेच्या डब्यात मीठ असलेला पदार्थ कळकतो. तो डबा नको. बरणी फार मोठी नसावी; अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी हवेने भरलेली बरणी.

तिसरी गोष्ट, जागा. चुलीजवळची आणि खिडकीजवळची फळी वर्ज्य. अंधाऱ्या, थंड फडताळात थंडीच्या दिवसांत तीळमीठ दोन-तीन आठवडे चांगले राहते. शीतकपाटात ठेवल्यास महिना-दीड महिना राहते. मात्र थंड बरणी उघडी ठेवली तर हवेतील ओल आत बसते, तेव्हा लागेल तेवढे काढून झाकण लगेच लावावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, मीठ हवेतील ओल ओढून घेते. तेथे आठ दिवसांपेक्षा अधिकाचे करूच नये.

चौथी गोष्ट, चमचा कोरडा असावा. ओल्या हाताने बरणीत बोटे घालण्याची सवय घरातील सर्वांनीच सोडावी. आणि बरणीवर केल्याची तिथी लिहून ठेवावी. आमच्या घरी आता तशी चिठ्ठी असते.

पाचवी गोष्ट, परीक्षा. ताज्या तीळमिठास भाजल्याचा सुवास असतो. तो जाऊन जुन्या तेलाचा दर्प आला, जिभेवर कडसर लागले, घशात खवखवले, तर ते टाकून द्यावे. लसूण-तिखट घालून दोष झाकू नये. अन्न वाया जाऊ नये हा धर्म खरा. परंतु म्हणूनच थोडे करावे, बिघडलेले कोणाच्या पानात वाढू नये.

नैवेद्याचा प्रश्न

येथे भाविक घरांत एक शंका निघते. नैवेद्याचा पदार्थ आधी चाखावयाचा नसतो. मग तो चांगला आहे हे कसे कळावे? आमच्या अल्प मतीप्रमाणे याचे उत्तर असे, की नैवेद्यासाठी जुन्या बरणीतले घेऊच नये. भोगीच्या सकाळी स्नान करून चार चमचे तीळ वेगळे भाजावेत, वेगळे कुटावेत आणि ते ताजे तीळमीठ देवापुढच्या पानात ठेवावे. तीळ कच्चे असतानाच त्यांतील दोन दाणे चाखून पाहिले तर नैवेद्य उष्टा होत नाही, कारण नैवेद्य अद्याप झालेलाच नाही. पुष्कळ घरांत नैवेद्याच्या पानात नुसते मीठ वाढीत नाहीत. तेथे तिळाबरोबर आलेले हे मीठ आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून वाढावे.

पथ्याविषयीही दोन शब्द. दिवसाकाठी सर्व मिळून पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर दिलेल्या प्रमाणाने केलेल्या तीळमिठाच्या पाच ग्रॅमच्या चमच्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मीठ येते. भातावर नुसते मीठ घेण्याची ज्यांस सवय आहे, त्यांनी त्याऐवजी हे घेतले तर चवही राहील आणि मीठही आवरेल. रक्तदाबाचे पथ्य असणाऱ्यांनी मात्र वैद्यांस विचारावे. काही व्यक्तींना, मुलांनाही, तीळ मुळीच सोसत नाही. खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, श्वासही कोंडतो. अशांना सणाच्या आग्रहाने तीळ देऊ नये. हातावर तिळाऐवजी साखरेचा दाणा ठेवला तरी स्नेह कमी होत नाही.

इतर देशींचे सोयरे

हा पदार्थ केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. तमिळ प्रदेशात तीळ कुटून केलेला भात शनिवारी नैवेद्यास होतो. जपानमध्ये तर ‘गोमाशिओ’ म्हणून हाच पदार्थ आहे; ‘गोमा’ म्हणजे तीळ आणि ‘शिओ’ म्हणजे मीठ. तेथे मंगल प्रसंगी लाल चवळीसारखे दाणे घालून तांबूस भात करतात आणि त्यावर काळ्या तिळाचे हे मीठ भुरभुरतात. कुटावयास आतून रेघा पाडलेले मातीचे भांडे आणि लाकडी बत्ता असतो. सागरापलीकडील त्या लोकांनीही शुभकार्याच्या अन्नावर तीळ आणि मीठ एकत्र घालावे, हे पाहून मन प्रसन्न होते.

येत्या भोगीस

वाचकहो, संक्रांतीस रुक्मिणीमातेला ववसण्यासाठी पंढरीत स्त्रियांची रीघ लागेल. हाती वाण असेल, ओठांवर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असेल. गोड बोलणे सोपे आहे, असे आम्ही चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो; आमचा तर तो व्यवसायच. कठीण आहे ते ज्यांचे मीठ खाल्ले त्यांची आठवण ताजी ठेवणे. ती आठवणही तिळासारखीच आहे. अख्खी असेपर्यंत टिकते. भरून फळीवर ठेवून दिली आणि फिरून पाहिली नाही, तर खवट होते.

दर वर्षी भोगीच्या आधी आम्ही आमच्या हातांनी तीळ भाजतो. पाठशाळेत आजही काही मुले शिकतात. त्यांना एक बरणी जाते. धाडण्यापूर्वी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहतो. त्या वेळी काकूंचे ते शब्द आठवतात, की भोगी भाजीने होत नाही, तिळाने होते.

आपल्याही घरी येत्या भोगीस थोडे तीळमीठ करावे. पहिली वाटी देवास, आणि दुसरी त्या घरी जावी, जेथील मीठ आपण कधी काळी खाल्ले आहे. शक्य असेल तर ती आपण स्वतः न्यावी.